वाऱ्याविरुद्ध गेलेला आवाज

वसईच्या बाजूला, खाडीच्या मुखाशी वाघरपाडा नावाचे कोळ्यांचे गाव होते. तिथे क्रुसाशेजारी झावळ्यांच्या खोपटात संत जुवांवबाबा राहत. मिळेल ते खावे, आल्यागेल्याचे दुःख ऐकावे आणि सदा प्रसन्न असावे, हाच त्यांचा संसार. त्यांची हसरी मुद्रा पाहूनच माणसाचे अर्धे ओझे उतरे!

मे महिन्यात रोज संध्याकाळी क्रुसापाशी लितानी होई. एकाने मरीयामाउलीची नावे घ्यायची, बाकीच्यांनी "आमच्यासाठी विनंती कर" म्हणायचे, शेवटी उकडलेले चणे वाटायचे. दररोज एका घराची पाळी. मासळी विकणाऱ्या विधवा उर्सुबायची पाळी आली, नेमका त्याच दिवशी इनास पाटलाने नव्या होडीचा जल्लोष मांडला. सगळ्या समुद्राला दिसावा म्हणून मांडव कुठे, तर कातळाच्या टोकावर! बत्त्या, बाजा, दारू, कशाचीच कमी नव्हती.

चण्यांचे पातेले घेऊन निघालेल्या उर्सुबायला पाटलाने हटकले. "बाय, मासळी ओरडून घसा फाटलाय तुझा. तुझं रडगाणं ऐकायला कोण येणार? माणसाला मजा पाहिजे, मजा!"

सगळे खो खो हसले. बिचारी मान खाली घालून क्रुसापाशी आली.

"बाबा, कोणीच नाही आलं."

"मी आहे ना गं? आणि माउलीही आहे," बाबा म्हणाले. "मजा बाजेवाल्यांबरोबर निघून जाते, पोरी. प्रभूचा आनंद तुझ्यापाशी मुक्कामाला आलाय. कर सुरू."

तिने चिरक्या आवाजात सुरुवात केली. हळूहळू तिचे डोळे मिटले आणि चेहरा उजळला.

इतक्यात वारा उठला. पाटलाची नवी होडी पाहुण्यांना घेऊन फेरीला गेली होती. त्याची एकुलती लेक फिलोमिनही तीत होती. होडी हाकणारा तांडेल प्यायलेला. मांडवाच्या बत्त्या म्हणजेच बंदर असे समजून त्याने होडी तिकडेच वळवली. बत्त्यांखाली तर सगळे खडक! पाटलाने ओरडून बत्त्या मालवायला लावल्या, तशी अंधारात होडीला दिशाच उरली नाही.

पाटील धावत क्रुसाकडे आला. "बाबा, माझी पोर वाचवा!"

उर्सुबाय थांबली.

"तू थांबू नकोस," बाबा म्हणाले. "पाटील, गुडघे टेका आणि उत्तर द्या."

उर्सुबाय एकेक नाव घेऊ लागली आणि पाटील हुंदके देत म्हणू लागला, "आमच्यासाठी विनंती कर." वारा समुद्राकडून गावाकडे झोडपत होता. त्याच्या तोंडावर आवाज चार पावलेही पुढे जाऊ नये. तरी बाबांच्या मुद्रेवरचे हसू ढळले नाही.

आणि काय आश्चर्य! थोड्या वेळाने खाडीत वल्ह्यांचा आवाज आला. होडी सुखरूप आत येत होती.

फिलोमिन चिंब भिजून उतरली आणि बापाला म्हणाली, "दादा, काहीच दिसत नव्हतं. पण उर्सुमावशी होडीच्या टोकाशी बसून गातेय, इतकं जवळून ऐकू येत होतं! आम्ही त्या आवाजामागे आलो."

पाटील बाबांच्या पायांवर पडायला गेला. बाबा मागे सरले. "माझ्या नाही. जिला हसलात, तिच्यापुढे वाका."

पाटलाने उर्सुबायच्या पायांशी वाळूत डोके टेकले. ती ओशाळून म्हणाली, "पाटील, उठा हो. पोर कुडकुडतेय, आधी तिला पोटाशी घ्या."

हे ऐकून तर पाटलाला मान वर करवेना. लेकीचा हात धरून तो तिथेच, वाकलेलाच, लहान मुलासारखा रडत राहिला.