सातवा दिवस कुणाचा

“मग माझ्या पुस्तकात राहिलं काय, बाई? एक गोष्ट सांगा. एकच!”

डॉक्टर शरच्चंद्र उकिडवे ओटीच्या पायरीवर उभे होते. विलायतेची पदवी घेतलेले. पाश्चात्य संस्कृती कुणी कुणी घडवली, यावर चारशे पानं लिहून आलेले.

समोर बाकावर लेआबाई. रेवदंड्याजवळच्या वाडीतल्या बेने इस्रायल, म्हणजे आपल्याकडचे ज्यू. घरी बापाचा तेलाचा घाणा, आणि स्वतः तीस वर्षं मराठी शाळेत मास्तरीण. याच शरूचा हात धरून त्यांनी अक्षरं गिरवून घेतली होती.

अंगणात आणखी एक माणूस होतं. उन्हात. डॉक्टरांची स्वयंपाकीण बायजा. डोक्यावर पुस्तकांची पत्र्याची पेटी.

“आधी हिला पेटी खाली ठेवू दे,” लेआबाई म्हणाल्या.

“राहू दे हो. उतरवली की परत चढवायला दोन माणसं लागतात. दोन ओळींचं तर काम आहे.”

दोन ओळी म्हणजे पुस्तकाच्या पहिल्या पानावर बाईंच्या हातचा आशीर्वाद. पुस्तक परवा छापायला जायचं होतं. डॉक्टरांनी पेन उघडून पुढे केलं.

लेआबाईंनी हात मागे घेतला.

“आज नाही.”

“का?”

“शनवार.”

गावात या लोकांना शनवार तेली म्हणतात. शुक्रवारी दिवस मावळला की यांचा घाणा थांबतो. चूल पेटत नाही. लेखणी धरायची नाही, ओझं उचलायचं नाही. शनिवारी चांदण्या दिसल्या की मग सगळं सुरू. घाण्याचा बैलसुद्धा आंब्याखाली बसून रवंथ करत होता. जू भिंतीला टेकवलेलं.

“अहो, चारला लाँच आहे माझी! उद्या मुंबईत व्याख्यान…”

“मग आशीर्वाद तोंडी ने.”

“साहेब…” बायजा हळूच बोलली. मान हलवता येत नव्हती, नुसते डोळे फिरले. “तुमचं चाललंय तवर मी पोरीला बगून येते. थेरोंडा हाय तरी किती लांब.”

तिची लेक थेरोंड्याला बाळंत झाली होती. पहिलटकरीण. सकाळी धक्क्यावर उतरल्या उतरल्या निरोप मिळाला… ताप चढलाय, आई आई करतेय. धक्क्यावर एकदा विचारलं बायजानं. वाटेत एकदा. हे तिसऱ्यांदा.

“किती वेळा सांगू तुला? घरी उद्या पाहुणे आहेत जेवायला. पुढच्या आठवड्यात जा.”

पुढच्या आठवड्यात! बाळंतिणीच्या तापाला वार कळतात का? चारशे पानं लिहिणाऱ्याला एवढं कळू नये. आणि ही अकरा वर्षं त्याच्या चुलीपुढे. सण नाही, दुखणं नाही, एक दिवस सुटी नाही.

लेआबाई बायजाकडे बघत राहिल्या.

मग म्हणाल्या, “सांग बघू. काय काय लिहिलंस?”

डॉक्टर खुलले. धडा पाठ असलेलं पोर खुलतं तसेच.

“ग्रीकांनी प्रश्न विचारायला शिकवलं. रोमनं कायदा दिला, रस्ते दिले. चीनकडून कागद गेला. अरबांनी वैद्यक नेलं, आकडे नेले. आपला शून्यसुद्धा घातलाय बाई! तिथं तर टाळ्याच पडतात.”

“पडणारच. ग्रीक लोक चौकात बसून वाद घालायचे ना रे?”

“दिवसदिवस!”

“मग घरी दळायचं कोण?”

“…गुलाम.”

“आणि रोमचे रस्ते?”

“सैनिकांनी बांधले. गुलामांनी. लिहिलंय की मी. तळटीप आहे.”

“तळटीप.” लेआबाईंनी शब्द चावून बघितला. “त्यांना सुटी कधी असायची?”

डॉक्टर हसले.

“तिथं तुमच्याच लोकांची गंमत आहे. रोमचे मोठमोठे विद्वान ज्यूंना हसायचे. म्हणायचे, हे लोक आयुष्याचा सातवा हिस्सा आळसात घालवतात! व्याख्यानात सांगतो मी. खूप हसतात लोक.”

“आज त्याच रोममध्ये रविवारी कचेऱ्या उघड्या असतात?”

“छे. बंद.”

“कुणी शिकवलं?”

“चर्चनं.”

“चर्चला कुणी?”

डॉक्टरांनी चुटकी वाजवली.

“सापडलं! तुमचा वाटा राहिला. अगदी मान्य. एक प्रकरण वाढवतो. विश्रांतीचा वार, ज्यूंची देणगी. आता तरी खूश?”

लेआबाईंचा चेहरा लाल झाला. शाळेत असा झाला की पोरं बाकाखाली शिरायची.

“मी वाटा मागितला तुझ्याकडे? भाऊबंदकी आहे ही?”

“नाही, म्हणजे…”

“गप. आमचा नेम काय आहे, ऐक. तू काम करू नकोस, एवढ्यावर तो थांबत नाही. तुझ्या बैलानं नाही. गाढवानं नाही. दासीनं नाही. दारी आलेल्या परक्यानंसुद्धा नाही. एकेकाचं नाव घेऊन सांगितलंय. का ठाऊक आहे?”

“का?”

“कारण मालकाला सुटी होतीच. ती द्यायला देव कशाला लागतो?”

बैलानं शेपटीनं माशी उडवली.

बायजाच्या कपाळावरून घाम ओघळून डोळ्यात गेला. पुसायला हात मोकळा नव्हता.

डॉक्टरांनी घाईघाईनं खिशातून वही काढली.

“वा! काय वाक्य आहे… मालकाला सुटी होतीच…” ते लिहू लागले. “हेच प्रकरणाच्या सुरुवातीला टाकतो. पुढे काय म्हणालात, बाई? देव कशाला…”

लिहून घेतलं! शब्द न् शब्द लिहून घेतला. आणि ज्या बाईवर ते वाक्य होतं, ती त्याच्या पाठीमागे तीन हातांवर उभी. मान वळवली नाही त्यानं.

लेआबाई उठल्या.

सत्तरी उलटलेली. गुडघे कामातून गेलेले. एका हातानं खांब धरत पायऱ्या उतरल्या आणि बायजापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

“वाक जरा.”

“बाई, जड हाय…”

“वाक म्हणते ना.”

बायजा वाकली. लेआबाईंनी पेटी दोन्ही हातांनी ओढून छातीशी घेतली. एक पाय लटपटला. ओठ दाबून त्या चार पावलं चालल्या आणि पेटी डॉक्टरांच्या हातांवर ठेवली. वही खाली पडली, पेन पडलं.

“जा गं,” त्या मागे न बघता म्हणाल्या. “लेक वाट बघतेय.”

बायजानं डॉक्टरांकडे बघितलं. मग वाटेकडे. डोक्यावरची चुंबळ काढून तिनं कमरेला खोचली आणि फाटकाबाहेर पडली. आधी चालत… मग पळतच.

“बायजा! अगं, लाँच चुकेल माझी! बायजा!”

ती वळली नाही. सुपारीच्या झाडांमागे लुगड्याचा हिरवा रंग दिसला आणि गेला.

डॉक्टर पेटी घेऊन तिथेच उभे. ठेवावी तर वही पायाखाली, धरावी तर हात भरून आलेले.

“ही… ही कुठली रीत, बाई? पेन धरायचं नाही म्हणालात. दोन ओळी लिहिल्या नाहीत माझ्यासाठी! आणि एवढी पेटी उचललीत? जन्मभर पाळलेला शनवार… मोलकरणीसाठी मोडलात?”

लेआबाई पायरीवर टेकल्या. धाप लागली होती. पदरानं त्यांनी तळहात पुसले. पत्र्याचे लाल वळ उठले होते.



“माझे पुष्कळ झाले, शरू,” त्या म्हणाल्या. “तिचा हा पहिला.”