घंटेला उचललेलं ताट

बसा, पण आधीच सांगून ठेवतो. फाट्याच्या, म्हणजे इथून फुटणाऱ्या छोट्या लाइनीच्या गाडीची घंटा झाली की या भंगाळ्यांच्या हॉटेलात तुमच्या पुढ्यातलं ताट उचलतात. जेवण अर्धं राहिलं असलं तरी उचलतात. "ऊठ बाई, गाडी लागली," एवढंच म्हणतात. समोर साहेब असो की हमाल, शब्द तेच. उचलणाऱ्याच्या डाव्या हातात एक भाकरी असते, ती मात्र कुणाला वाढत नाहीत. नवी माणसं चिडतात. चिडू द्या! बोरखेडी जंक्शनात ही रीत का पडली, ते आजोबांनी मला सांगितलं तसं सांगतो.

इंजिनं कोळशावर धावायची तेव्हाची गोष्ट. नवरा गेल्यावर तापीबाई भंगाळेनं स्टेशनासमोर चूल मांडली. भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, बस्स. पण आग्रह काय विचारता! माणूस नको नको म्हणत ताटावर हात आडवे धरायचा, तर ही बोटांच्या फटीतून वाढायची म्हणे. फाट्याची गाडी सकाळी यायची आणि दुपारी परत जायची, दिवसातून एकदाच. कुणी घाई केली की तापीबाई कोपऱ्यात जेवणाऱ्या त्या गाडीच्या डिमेलो गार्डाकडे बोट दाखवायची. "तो हात धुवेपर्यंत गाडी हलत नाही. जेवा मुकाट्यानं." आणि खरंच हलत नसे.

तिची एकुलती एक लेक कौतिक फाट्यावरच्या शेवटच्या स्टेशनात दिलेली. सात वर्षांनी तिला मुलगा झाला आणि आठव्या महिन्यात तो तापानं फणफणला. तिकडे डॉक्टर नव्हता. लेकराला सासूच्या मांडीवर ठेवून कौतिक सकाळच्या गाडीनं जंक्शनला आली, औषधाची बाटली घेतली आणि जाता जाता आईच्या दारात उभी राहिली. दोन दिवस तिच्या पोटात अन्न नव्हतं. तिचा चेहरा बघून तापीबाईनं ताट मांडलं.

"दोन घास खाऊन जा माय."

"आई, गाडी चुकेल."

"अगं, डिमेलो बघ की. आत्ता कुठं भाकरी मोडलीय त्यानं."

कौतिक बसली. एक भाकरी संपली, तोच घंटा झाली. ती उठू लागली तशी आईनं खांदा दाबून दुसरी वाढली. डिमेलो निवांत जेवत होता. अहो, त्याची पाळी सकाळीच संपली होती! परतीच्या गाडीवर नवा गार्ड होता आणि त्यानं घरून डबा आणला होता. डिमेलोला काय ठाऊक, त्याच्या भरवशावर कुणी बसलंय.

शिट्टी झाली. उष्ट्या हातानं बाटली घेऊन कौतिक धावली, पण शेवटचा डबा फलाटाबाहेर गेला होता. रुळांच्या कडेनं ती बावीस मैल चालत गेली. पोचली तेव्हा लेकराला मातीआड करून माणसं परतत होती.

आईला ती एका शब्दानं बोलली नाही, असं सांगतात. नुसती यायची बंद झाली. तापीबाईचा आग्रह त्या दिवशीच सुटला. घंटा झाली की ती गिऱ्हाइकाचं ताट उचलायची. लोक म्हणायचे, बाईचं डोकं फिरलं.

पाच वर्षांनी एका दुपारी कौतिक आली आणि त्याच जागी बसली.  तापीबाईनं एक भाकरी वाढली. लेकीनं ती खाल्ली आणि रिकाम्या ताटाकडे बघत राहिली. आईनं 'अगं, अजून एक घे' म्हणावं, एवढ्यासाठी ती आली होती. तापीबाईच्या हातात भाकरी तयार होती. तिला वाढायची होती हो, जीव तुटत होता तिचा! पण त्याच आग्रहापायी गाडी चुकली होती, तो तिला पुन्हा करवेना.

घंटा झाली. तिनं ताट उचललं. "ऊठ बाई, गाडी लागली."

कौतिक उठली आणि गेली. डाव्या हातातली भाकरी तशीच घेऊन तापीबाई फलाटावर गाडी दिसेनाशी होईपर्यंत उभी होती. त्याच वर्षी ती वारली.

मग कौतिक माहेरी परतली आणि हॉटेल तिनं चालवलं. त्या दुपारी आपण कशासाठी आलो होतो, हे तिनंच पुढे सांगितलं. ताट ती आईसारखंच उचलायची. गाडी सुटली की हातातली भाकरी पुढ्यात ठेवून आपल्या जागी बसायची, कुणीतरी 'घे' म्हणेल म्हणून. म्हणणारं कोण होतं?

आजही गाडी गेल्यावर ती भाकरी त्या जागी ठेवतात आणि संध्याकाळी गाईला घालतात.