हाडवैद्याची तिरडी

खूप खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ज्या गावात ती घडली त्या गावाचं नाव आज कोणालाही आठवत नाही. लहानांनी ती ऐकावी, आणि थोरांनी तर कान देऊन ऐकावी, कारण ती जास्त त्यांचीच आहे.

त्या गावात एक हाडवैद्य राहत होता. दुखऱ्या जागेवर त्याने नुसती बोटं फिरवली, की आत काय मोडलं आणि काय सरकलं ते त्याला कळायचं. मग एक झटका, झाडपाल्याचा लेप, बांबूच्या कामट्या आणि वर पट्टी. ही विद्या त्याला कोणी शिकवली नव्हती. "देवाने हाताला गुण दिलाय, मी फक्त हात पुढे करतो," असं तो म्हणायचा. तेव्हा ते खरंही होतं.

त्याच्या आळीत एक कुंभार, एक गुराखी, एक सुतार आणि एक कोष्टी राहत होते. आळीतल्या घरांनीच एकमेकांना शेवटचा खांदा द्यायचा, अशी त्या गावची रीत होती.

एके दिवशी एक वाटसरू हाडवैद्याच्या ओसरीवर पाणी प्यायला टेकला, आणि तांब्या हातात असतानाच गेला. ना तोंडात तुळशीपत्र पडलं, ना खांदा द्यायला आपलं कोणी होतं. जुन्या शिडीची तिरडी करून गावाने त्याला कसंबसं पोचवलं. हाडवैद्याने त्याची फार हाय खाल्ली.

"माझं असं होता कामा नये," तो बायकोला म्हणाला. "आजपासून मी जायच्या तयारीला लागतो."

चार दिवसांत हे डोक्यातून जाईल, असं तिला वाटलं. पण गेलं नाही. त्याने सरळ बांबू निवडून आपली तिरडी बांधून घेतली. कोऱ्या कापडाचा तागा आणला. गंगेचं पाणी, तुळशीची काष्ठं, मडकं, सगळं माळ्यावर झाकून ठेवलं. इथवरही ठीक होतं. पण मग त्याने हाडं बसवणंच सोडून दिलं. "हे हात आता देवाकडे जायचे. यांत फक्त माळ," तो म्हणाला.

थोड्याच दिवसांनी चढणीवर घसरून कुंभाराचा खांदा निखळला. वेदनेने पांढराफटक पडलेला तो दारात आला.

"बुवा, नुसता एक झटका द्या."

"मी त्यातून मोकळा झालो, गड्या. दुसरीकडे बघ."

दुसरीकडे म्हणजे कुठे? दोन डोंगर ओलांडले तरी दुसरा हाडवैद्य नव्हता. आतून बायको धावत आली. "अहो, जेवणावरून उष्ट्या हाताने उठून धावायचात तुम्ही," ती म्हणाली. हाडवैद्याने डोळे मिटून घेतले.

गोष्टीत इथे आलो की मला दर वेळी राग येतो. ज्याच्या नावाची माळ ओढायची, त्यानेच दिलेला गुण माळ्यावर टाकायचा, याला भक्ती म्हणायचं तरी कसं?

कुंभारानंतर बैलाने तुडवलेला गुराखी आला. मग सुतार आला, मग कोष्टी. सगळे तसेच परत गेले. त्यांची हाडं आपली आपण जुळली, वाकडीतिकडी. कोणाचा खांदा कायमचा वर चढला, कोणाचा पाय आखूड झाला. हाडवैद्याचं तिकडे लक्षच नव्हतं.

वर्षं गेली. हाडवैद्य म्हातारा झाला आणि त्याला नवीच काळजी लागली, की तयारीत काही राहून तर गेलं नाही? एका सकाळी त्याने आळीतल्या चौघांना बोलावलं.

"मी तिरडीवर निजतो," तो म्हणाला. "तुम्ही मला वेशीपर्यंत न्या आणि परत आणा. सगळं नीट जमतंय ना, ते मला एकदा बघू द्या."

आळीत कुजबुज सुरू झाली. जिवंत माणसाने तिरडीवर निजायचं? बायकोने कानांवर हात ठेवले. पण म्हाताऱ्या माणसाचं मन कुठे मोडा, म्हणून चौघे वाकले आणि त्यांनी तिरडी उचलली.

कुंभाराचा खांदा खाली, सुताराचा वर. गुराख्याचं पाऊल लांब पडे, कोष्ट्याचं आखूड. नाम घेत पडलेल्या हाडवैद्याने डोळे उघडले, तर त्याला आभाळच तिरकं दिसलं.

"सरळ धरा रे," तो ओरडला.

"हेच आमचं सरळ आहे, बुवा," कुंभार म्हणाला.

पुढच्याच पावलाला तिरडी निसटली. हाडवैद्य दगडांवर पडला. उजवं मनगट अंगाखाली आलं आणि कट्‌कन मोडलं. तो आवाज त्याच्या चांगला ओळखीचा होता.

"अरे, हाडवैद्याला बोलवा कोणीतरी," तो कळवळून म्हणाला.

कोणी हललं नाही. कोणी हसलंही नाही. आपण काय बोलून गेलो ते त्याच्याच कानांवर पडलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याने त्या चौघांकडे नीट पाहिलं. कुठे काय सरकलं होतं, ते त्याला हात न लावताच कळलं. तो तिथेच मातीत पडून रडू लागला.

सगळ्यांत आधी कुंभार त्याच्याजवळ बसला. "खांदा गेला, पण बोटं चालतात माझी," तो म्हणाला. "सांगा, कुठे धरू?"

"अंगठा इथे ठेव. आता ओढ. भिऊ नकोस."

सुताराने त्याच तिरडीचा बांबू चिरून कामट्या केल्या. कोष्ट्याने त्याच कोऱ्या ताग्याच्या पट्ट्या फाडल्या. इतक्या वर्षांची तयारी एका मनगटाच्या कामी आली. उरलेला बांबू आणि कापड मग कोणीही परत माळ्यावर ठेवलं नाही.

मनगट जुळलं, पण थोडं वाकडंच. हाडवैद्याने आधी त्या चौघांची जुनी हाडं चाचपून पाहिली. "फार उशीर झाला," तो म्हणाला आणि त्याने त्यांना हात जोडले. ते हातही नीट जुळेनात. त्या दिवसापासून तो रोज ओसरीवर बसला. येईल त्याचं हाड त्याने डाव्या हाताने चाचपलं आणि शिकायला आलेल्यांच्या हातांनी बसवलं.

तो गेला तेव्हा घरात तयार असं काहीच नव्हतं. बांबूसुद्धा आयत्या वेळी तोडावा लागला. ज्यांची हाडं त्याच्या ओसरीवर बसली होती, अशा आळीतल्या तरुणांनी त्याला खांदा दिला, आणि नदीपर्यंत तिरडी जराही कलली नाही. खांद्याचा मान ज्यांचा होता, ते चौघे मात्र मागून लंगडत येत होते. ते पोचले तेव्हा चिता पेटली होती.

तात्पर्य: देवाने दिलेला गुण वेळेवर लोकांच्या कामी लावणं, हीच मरणाची खरी तयारी.