घरपट्टी आणि भिंतीची भेग

बायांनो, लेकरांनो, हातातलं काम घडीभर बाजूला ठेवा आणि ऐका. फार फार वर्षांपूर्वी डोंगराच्या कुशीत एक नगर होतं. तिथला राजा मनाचा चांगला, पण घरपट्टी किती वाढवायची, हे त्याने मोजणीदारावर सोडलेलं.

दसरा झाला की मोजणीदार काठी आपटत आळीआळीतून फिरे. आळीतलं सगळ्यात नेटकं घर हेरी आणि त्यावरून साऱ्या आळीची पट्टी ठरवी. पट्टी धान्यात द्यायची. एका वर्षी दोन पायल्या, तर पुढच्या वर्षी सहा! किती वाढेल, ते देवालाच ठाऊक.

म्हणून लोकांनी एक अजब रीत पाडली. कुणी भिंत लिंपीना, कुणी कौलं बदलीना. घर जितकं दीनवाणं दिसेल, तितकं बरं.

तांबट आळीत सगुणा नावाची सून राहत होती. नवरा भांडी घडवी, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. त्यांची खाट रस्त्याकडच्या भिंतीशी, आणि त्याच भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग. आळीत दिवसभर हातोड्यांची ठकठक चाले, नि दर ठोक्याला भिंतीतून माती झरे.

सगुणेने भेगेत कडुनिंबाची काडी घट्ट खोचली. दुसऱ्या दिवशी काडी खाली पडलेली. जाडसर काडी खोचली. तीही पडली. भेग रोज रुंदावत होती.

"अहो, भिंत लिंपून घेऊ या ना," ती नवऱ्याला म्हणाली.

"मोजणीदार येऊन जाऊ दे. यंदा पट्टी वाढली, तर घर विकावं लागेल."

"आणि तोवर भिंत थांबेल?"

नवरा खाली मान घालून भांडं ठोकत राहिला.

त्या दिवशी सगुणेचा शुक्रवारचा उपास होता. देवीपुढे दिवा लावून तिने हात जोडले. "आई, घर वाचवू की माणूस?"

मागून सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, आज भाकरीत माती जरा जास्त झाली गं."

सगुणेने पदर खोचला, माती कालवली आणि भर दुपारी भिंत लिंपायला घेतली.

शेजारच्या भागाकाकू धावत आल्या. "अगं ए शहाणे! आळीला उपाशी मारतेस का? तुझी भिंत बघून आमची पट्टी वाढवेल तो मेला!"

"काकू, मग सासूबाईंना तुमच्याकडे निजवू का? तुमची भिंत तरी धड आहे?"

काकूंच्या पोक आलेल्या भिंतीशीच नातवाचा पाळणा टांगलेला होता. थोड्या वेळाने त्या पाटी घेऊन परत आल्या. "पाणी कमी घातलंस. सरक, मी कालवते."

बघता बघता सारी आळी लिंपून निघाली. मग काठीचा आवाज आला.

"वा!" मोजणीदार म्हणाला. "तांबट आळी सुखात दिसते. पट्टी तिप्पट!"

आळीची आळी राजवाड्यावर गेली. सगुणा पुढे झाली.

"महाराज, पट्टी आम्ही देऊ. दर वर्षी थोडी वाढली, तरी देऊ. पण जास्तीत जास्त किती वाढेल, हे आधी ठरू द्या. ठाऊक असलं की आम्ही तेवढं बाजूला काढून ठेवू. ठाऊक नसलं की भीतीने आपल्याच भिंती पडू देतो."

मोजणीदार हसला. "हिचं ऐकलं तर कोठार रिकामं होईल, महाराज."

राजाने विचारलं, "कुंभार आळीची पट्टी यंदा किती आली?"

मोजणीदाराने मान खाली घातली. "काहीच नाही. तिथली घरं पडली. पडलेल्या घराला पट्टी कशी लावणार?"

राजा म्हणाला, "तांबट आळीची तिप्पट रद्द. घर कितीही नेटकं दिसो, यापुढे वर्षाला दोन ओंजळींहून जास्त वाढ नाही."

पुढच्या वर्षी नगरात लिंपायला माती पुरेना. पडलेली घरं उभी राहिली आणि पट्टी देऊ लागली. कोठार भरलं, सावकाश, पण दर वर्षी. मोजणीदार आला की बायका आता दार लावत नसत, ताक घेणार का म्हणून विचारत. देवीने सगुणेच्या माणसांवरचं छप्पर राखलं, तसं ती तुमच्या माझ्या माणसांवरचंही राखो.

तात्पर्य: कराच्या वाढीला मर्यादा असली, तरच प्रजेची घरं उभी राहतात, आणि घरं उभी राहिली, तरच राजाचं कोठार भरतं.