साळुंकीने आणलेलं बोर

माणसांनी अजून कुऱ्हाड घडवली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. एका जंगलात दहा बोरं मिळाली की प्रत्येकाला त्यातलं एक उंबराच्या ढोलीत आणून द्यावं लागे. अडीअडचणीला ती वाळलेली बोरं सगळ्यांच्या उपयोगी पडत.

फक्त साळुंकीला हे माफ होतं. वादळात घरट्यातून पडलेली कुणाचीही पिल्लं ती सांभाळायची. जंगलाचा कारभार पाहणाऱ्या म्हाताऱ्या गव्याने उलट तिलाच ढोलीतून रोज चार बोरं मिळतील असं ठरवलं होतं.

ढोली राखणाऱ्या खारीला हे पटत नसे. "आम्ही उन्हातान्हात राबायचं आणि हिला सूट! पिल्लं काय आम्हाला नाहीत?" ती रोज कुरकुरायची. साळुंकी मान डोलवून उडून जायची. चोचीत बोर धरून बोलणार तरी कशी?

एके दिवशी साळुंकीच बोर घेऊन आली आणि तिने ते खारीपुढे ठेवलं.

"हे काय गं? तुला माफ आहे ना?"

"होतं, खारुताई. पण यंदा वादळच आलं नाही. सगळी पिल्लं आपापल्या आईजवळ आहेत." साळुंकीने बोर चोचीने आणखी पुढे सरकवलं. "असं वर्ष मला पहिल्यांदाच मिळालंय. घे ना."

खारीने ते बोर दोन्ही पंजांत धरलं. मग ढोलीत अगदी आत, कोरड्या पानांवर ते ठेवलं.

"हे मी कुणाला देणार नाही," ती म्हणाली. "पुढच्या वादळात जे पहिलं पिल्लू पडेल, त्याचं आहे हे."