धनगराची दुसरी चांदी

एका माळावर एक धनगर राहत होता. राहत होता म्हणजे पावसाळ्याचे चार महिने. दसरा झाला की तो बायको, घोडं आणि मेंढरं घेऊन घाट उतरायचा, खालच्या मुलखात मेंढरं चारायचा आणि पावसाआधी परत वर यायचा.

त्याच्या कळपाची पुढारीण होती चांदी नावाची मेंढी. अंग पांढरंशुभ्र, तोंड काळं, गळ्यात घंटा आणि मागचा एक पाय जरासा लंगडा. घाटात एका ठिकाणी वाटेला दोन फाटे फुटत. डावा हिरवागार होता, पण पुढे गवताखाली कडा ढासळलेला. उजवा नुसता खडकाळ, पण नीट खाली नेणारा. चांदी तिथे क्षणभर थांबे आणि उजवीकडे वळे. बाकीची मेंढरं मान खाली घालून तिच्यामागे. मेंढरांचं तेवढं एक बरं असतं, एकीनं डोकं चालवलं की सगळ्यांचं भागतं.

पण चांदी म्हातारी झाली आणि धनगराला घोर लागला. ही गेली तर कळपाला घाट कोण उतरवणार?

डोंगराच्या पायथ्याशी एक जाणती वैदीण राहायची. धनगर तिच्याकडे गेला आणि म्हणाला, "आजी, मला अशीच दुसरी चांदी पायजे."

वैदीण म्हणाली, "तिच्या कानाचा एवढासा तुकडा आण. अंगाच्या कणाकणात तो अख्खा जीव कसा घडायचा हे ठरलेलं असतं. दुसऱ्या मेंढीच्या बीजातला तिचा स्वतःचा कण काढून त्या जागी मी चांदीचा कण ठेवीन आणि ते बीज एका मेंढीच्या पोटात वाढवीन. जन्मेल ती चांदीची जुळी बहीणच म्हण, फक्त उशिरा आलेली. पण बाबा, कानातून अंग मिळतं. चांदी जे चालून चालून शिकली, ते कानात नसतं."

धनगरानं सगळं कान देऊन ऐकलं, शेवटचं तेवढं सोडून.

यथावकाश एका काळ्याकुट्ट मेंढीच्या पोटी पांढरंशुभ्र कोकरू जन्मलं. तेच काळं तोंड, तीच कानाची ठेवण. माळावरचे लोक बघायला लोटले. धनगर हरखून सांगू लागला, "आणि हिचे पाय बघा, चारी ठणठणीत! आमच्या चांदीपरीस ही सरस!"

दसऱ्यानंतर कळप निघाला. धनगरानं कोकरू घोड्यावर, घोंगड्यांच्या घडीवर बसवलं.

बायको म्हणाली, "अवं, उतरवा की तिला. चांदीच्या मागनं चालू द्या. पायाला वाट कळू द्या."

"अगं, चांदीलाच चांदीची वाट शिकवायची व्हय? आन् कुठं पाय मुरगळला म्हंजी?"

कोकरू ऐटीत घाट उतरलं आणि तसंच ऐटीत वर चढलं. वाटेकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही.

पुढच्या दसऱ्याला धनगरानं म्हाताऱ्या चांदीची घंटा काढली. तिनं मान पुढे केली, तिला वाटलं मालक खाजवतोय. घंटा त्या कोकराच्या, आता मोठ्या झालेल्या धाकटीच्या, गळ्यात गेली आणि चांदी बायकोबरोबर कळपाच्या शेपटाला चालू लागली.

फाट्यावर धाकटी थांबली. धनगर खूश झाला, म्हणाला, "बघा, वळखलं तिनं!" धाकटी गवत बघत होती. ती डावीकडे वळली आणि मेंढरं तिच्यामागे वळली. धनगर ओरडत धावला, पण तोवर गवताखालची माती सुटली आणि पुढची मेंढरं कड्यावरून खाली कोसळली.

मागे चांदी फाट्यापाशी पोहोचली. गळ्यात घंटा नव्हती, तरी ती क्षणभर थांबली आणि उजवीकडे वळली. तिच्या आजूबाजूची मेंढरं तिच्यामागे गेली. निम्मा कळप वाचला तो असा.

धाकटी खाली करवंदीच्या जाळीत अडकलेली सापडली, मागचा पाय मोडलेला. धनगर खाली उतरला आणि संतापानं त्यानं तिच्यावर काठी उगारली. तेवढ्यात बायको मागून आली.

"तिला का मारता? तिला कधी चालू दिलं व्हतं? चांदी बी कोकरू व्हती तवा तिच्या आईमागं चालताना इथंच घसरली व्हती. तिचा पाय कशानं लंगडा झाला, इसरलात?"

धनगराच्या हातातली काठी गळाली. मेलेल्या मेंढरांसाठी तो तिथेच ढसाढसा रडला. मग धाकटीला खांद्यावर घेऊन घाट उतरला.

पाय जुळून आला, पण जरासा वाकडा. पावसाआधी कळप परत निघाला तेव्हा घंटा चांदीच्या गळ्यात होती आणि धाकटी तिच्यामागे स्वतःच्या पायांनी लंगडत चालत होती. फाट्यापाशी येताच तिनं त्या हिरव्या गवताकडे पाहिलं आणि अंग चोरून चांदीला बिलगली.

धनगर बघत राहिला. बायको म्हणाली, "आता कुठं ती चांदीगत दिसाया लागली."

तात्पर्य: अंग हुबेहूब घडवता येईलही, शहाणपण मात्र ज्यानं त्यानं स्वतः चालूनच मिळवावं लागतं.