जाकड आणलेला बोंडू

मंडळी, आधी एक सांगा. एक दुकानदार म्हणतो, ‘माझ्या गुळात खडासुद्धा सापडायचा नाही.’ दुसरा म्हणतो, ‘ढेप खालून जरा ओलसर आहे, बघून घ्या.’ विश्वास कोणावर टाकाल? घाई नाही. गोष्ट ऐका, मग ठरवा.

एका बाजारपेठेत गुळाचा एक व्यापारी होता. आठवडी बाजारात त्याच्या लेकीला एका म्हातारीच्या टोपलीत काटेरी गोळा दिसला, हुबेहूब धोत्र्याचं बोंड! गोळ्यातून इवलंसं नाक बाहेर आलं, शिंकलं आणि परत आत गेलं. शहरातली मुलं ज्याला हेजहॉग म्हणतात, तोच हा प्राणी. मुलगी तिथेच फतकल मारून बसली. “तात्या, मला हाच हवा!”

व्यापारी धोरणी. म्हणाला, “आजी, जाकड द्या. पसंत पडला तर ठेवू, नाहीतर आठवड्याने परत.”

“चालेल की,” म्हातारी हसली. “पुढच्या बाजाराला घरीच येते.”

मुलीने त्याचं नाव ठेवलं बोंडू. खोक्यात सुकं गवत अंथरलं, शेजारी दुधाची वाटी ठेवली. बोंडू दिवसभर झोपे, अंधार पडला की खुडबुड करी. हात लावला की फुस्स करून गोळा! व्यापाऱ्याने एकदा गूळ पारखावा तसा त्याला दाबून पाहिला आणि बोटं चोखत बसला. घरभर हशा. पण दोन-चार दिवसांत बोंडू मलूल झाला. दूध प्यायचा आणि खोकं घाण करायचा.

बाजाराचा दिवस उजाडला. व्यापारी लेकीच्या कानात कुजबुजला, “आजारी आहे म्हणालीस तर म्हातारी त्याला घेऊन जाईल. सांग, मजेत आहे, मांडीवर खेळतो.”

मुलीने खोक्यात डोकावून पाहिलं. बोंडू तर तिला हवाच होता.

म्हातारी दारात आली. “काय गं, कसा आहे गडी?”

“अहो, मांडीवरून उतरतच नाही...” व्यापाऱ्याने सुरुवात केली.

“नाही आजी,” मुलगी रडत म्हणाली, “एकदाही आला नाही मांडीवर. मी रोज दूध दिलं, आणि त्याचं पोट बिघडलं. घेऊन जा त्याला, पण बरा करा.”

म्हातारीने कपाळावर हात मारला. “अगं, दूध त्याला पचत नाही! पाणी दे, किडे-अळ्या दे. मग बघ कसा पळतो. लपवलं असतंस तर जीव गेला असता बिचाऱ्याचा.” आणि रिकामी टोपली उचलून ती निघाली.

“म्हणजे, नेणार नाही?”

“नेऊ कशाला? शेठ, तुम्हाला वाटलं, तुम्ही बोंडूला जाकड नेलंत. मी तुम्हालाच त्याच्याकडे जाकड ठेवलं होतं! लेक पसंत आहे. तुमचं मात्र बघू पुढच्या बाजाराला.”

व्यापारी आधी ओशाळला, मग खो-खो हसला. आता रोज संध्याकाळी तो परसात विटा उलथून किडे शोधतो. शेजारी विचारतात, “शेठ, काय हरवलं?”

“हरवलं काही नाही, आमचे साहेब जेवायचे थांबलेत!”

आणि ठणठणीत झालेला बोंडू एका संध्याकाळी आपणहून मुलीच्या पायावर चढला आणि तिथेच झोपला. ती तासभर हललीसुद्धा नाही.

तात्पर्य म्हणाल तर एवढंच: आपली चूक जो लपवत नाही, त्याच्याच हाती मुका जीव सुखरूप राहतो.

तेव्हा मंडळी, हात जोडून विनंती, घरी मांजर असो नाहीतर पोपट, माया किती केली ते ज्या वहीत मांडाल, तिथेच आपलं काय चुकलं तेही मांडा. हिशेब खरा ठेवा.